ऊर्वस्थी, फीमर की मांडीचं हाड? सांगाडा नेमका कोणत्या भाषेत शिकवायचा

फळा_खडू
नागपुरात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवतो. उमरेड, काटोल, सावनेरकडची मराठी माध्यमातली पोरं येतात. हुशार असतात. पण सांगाड्याचा धडा निघाला की कुणी ‘ऊर्वस्थी’ पाठ करून आलेला, कुणी दंडाच्या हाडाचं ‘भुजास्थी’, आणि मी ‘फीमर’, ‘ह्युमरस’ म्हटलं की वर्ग गप्प. एकाच हाडाला दोनदा पाठ करायचं कशासाठी? माझं मत सरळ आहे: पहिल्यापासून लॅटिन नावंच शिकवा, देवनागरीत लिहून. शेजारी मध्य प्रदेशात २०२२ साली एमबीबीएसची हिंदी पुस्तकं आली, त्यांनीही संज्ञा इंग्रजीच ठेवल्या, फक्त लिपी बदलली. आणि ऊर्वस्थी तरी मराठी कुठे आहे? कुणाच्या आजीच्या तोंडी होता हो हा शब्द?

धंतोलीची_फिजिओ
आजीच्या तोंडी ‘खुबा’ होता, ‘नडगी’ होती, ‘घोटा’ होता, ‘माकडहाड’ होतं. ते का टाकायचे? माझ्याकडे रोज माणसं येतात, ‘खुब्यात कळ येते’ म्हणतात आणि बोट अगदी बरोबर जागी ठेवतात. इंग्रजी शिकलेले ‘हिप दुखतंय’ म्हणतात आणि बोट ठेवतात कमरेवर.

शिवाय लॅटिन नावांचा एवढा दरारा कशाला? रोमन लोकांचे ते घरातलेच शब्द. पटेला म्हणजे छोटी ताटली. आपण तिला गुडघ्याची वाटी म्हणतो, म्हणजे दोघांनाही तेच दिसलं. गुडघ्याखालची टिबिया म्हणजे पावा. फिब्युला म्हणजे कपड्याला लावायची पिन, आणि शेजारच्या जाड हाडाला टेकलेलं ते बारीक हाड दिसतंही तसंच. गळ्याखालचं आडवं हाड क्लॅव्हिकल, म्हणजे लहानशी किल्ली. कानातली तीन हाडं आपण हातोडी, ऐरण, रिकीब म्हणतो, लॅटिनमध्येही तेच अर्थ. त्यातली रिकीब शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जेमतेम ३ मिलिमीटरचं. फीमर सगळ्यात लांब, पण त्या शब्दाचा अर्थ विचाराल तर नुसता ‘मांडी’. हे सांगितलं तर पोरांना दोनदा पाठ करावं लागणार नाही, एकदाच समजेल.

काळी_फिल्म
मी एक्स-रे काढतो, म्हणून मास्तरांच्या बाजूनं बोलून राहिलो. घरच्या शब्दांत माया आहे, नेमकेपणा नाही. ‘पायाचं हाड मोडलं’ म्हणून पेशंट येते. आता पाय म्हणजे काय? आपल्याकडे खुब्यापासून तळव्यापर्यंत सगळा पायच. शरीरशास्त्रात ‘लेग’ म्हणजे फक्त गुडघा ते घोटा, ‘आर्म’ म्हणजे फक्त खांदा ते कोपर. एका तळपायातच २६ हाडं आहेत, एका हातात मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत २७. चारही मिळून १०६, म्हणजे २०६ मधली अर्ध्याहून जास्त. कोणाकोणाले घरचं नाव देणार, ताई?

आणि दिशांचं काय? ‘वरच्या बाजूला दुखते’ म्हणजे डोक्याकडे की चामडीकडे? म्हणून आधी उभं राहणं ठरवून घ्यायचं: माणूस सरळ उभा, तोंड समोर, तळहात समोर, अंगठे बाहेर. मग तो झोपो, पालथा पडो, शब्द बदलत नाहीत. मधल्या रेषेकडे ते मीडियल, तिच्यापासून बाहेर ते लॅटरल. धडाकडे प्रॉक्झिमल, धडापासून दूर डिस्टल. चिठ्ठीवर ‘डिस्टल रेडियस’ लिहिलं की मले कळते, मनगटाजवळ, अंगठ्याच्या बाजूचं हाड. डावं-उजवं पेशंटचं, आपलं नाही. फिल्म पाहताना पेशंटचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला दिसते. नवीन पोरं इथंच गडबडतात.

फळा_खडू
हेच मी वर्गात करून घेतो. तळहात समोर का, हे विचारलं की हात पुढे करायला लावतो. तळहात समोर असला की कोपर ते मनगटातली दोन हाडं, रेडियस-अल्ना, शेजारी शेजारी राहतात. हात उलटा केला की रेडियस अल्नावरून तिरकी जाते. मनगटाजवळ बोट ठेवून बघा, जाणवतं.

तिसऱ्या_वर्षाची_वैद्य
संस्कृत संज्ञांना ‘कुणाच्या आजीचा शब्द’ म्हणून उडवून लावणं पटलं नाही. ऊरु म्हणजे मांडी, तिचं अस्थी ते ऊर्वस्थी. फीमर म्हणजेही मांडीच, मग संस्कृतनं काय घोडं मारलं? सुश्रुतसंहितेत हाडांचे पाच प्रकार आहेत: कपाल, रुचक, तरुण, वलय, नलक. नलक म्हणजे नळीसारखं. न पाहताही हाड डोळ्यांपुढे येतं.

काळी_फिल्म
पण सुश्रुतात ३०० हाडं आहेत ना? आणि चरकात ३६०. मग २०६ चं काय?

तिसऱ्या_वर्षाची_वैद्य
मोजायच्या रीतीचा फरक. रुचक म्हणजे दात, ते त्यांनी हाडांत धरले. तरुण म्हणजे नाक-कानातली लवचीक कूर्चा, तीही धरली. आज दोन्ही धरत नाहीत. तसं २०६ हेही मोठ्या माणसाचंच. तान्ह्या बाळात २७० च्या पुढे असतात, मग जुळत जातात. पाठीच्या कण्यात ३३ मणके मोजतो, पण कमरेखालच्या त्रिकास्थीतले पाच आणि माकडहाडातले साधारण चार जुळले की मोठेपणी हाडं उरतात २६.

धंतोलीची_फिजिओ
बाळाची टाळू हीच तर गोष्ट! कवटीची हाडं अजून भिडलेली नसतात, म्हणून ती मऊ लागते आणि दीड वर्षाच्या आसपास भरते. तेल थापून नाही भरत, हे मात्र माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही.

फळा_खडू
वैद्यबाई, एकच शंका. ‘जंघास्थी’ कुठलं हाड?

तिसऱ्या_वर्षाची_वैद्य
टिबिया. गुडघ्याखालचं.

फळा_खडू
आणि मराठीत जांघ कुठे असते? मांडीच्या वर. मुलगा जंघास्थी ऐकतो आणि आकृतीत थेट फीमरवर बाण काढतो. माझ्या वर्गात दरवर्षी निदान दोघं तरी. संस्कृतात जंघा गुडघ्याखाली, मराठीत गेली वर, आणि मार्क गेला माझ्या पोराचा.

तिसऱ्या_वर्षाची_वैद्य
हा मुद्दा मान्य. त्याला उत्तर नाही माझ्याकडे.

धंतोलीची_फिजिओ
माझ्याकडे आहे. नडगीचं हाड म्हणा. टेबलाच्या कोपऱ्यावर आपटली की कुठे आहे ते आयुष्यभर विसरत नाही कुणी.

काळी_फिल्म
नडगी म्हणा, पण मग फिब्युलाले काय म्हणणार?

धंतोलीची_फिजिओ
फिब्युला. तिथे हरले मी.

फळा_खडू
बरं, सोमवारी माकडहाडापासून सुरू करून पाहतो. पेपरात मात्र कॉक्सिक्सच लिहायचं, हे बजावून.

तिसऱ्या_वर्षाची_वैद्य
तेव्हा हेही सांगा सर, की कॉक्सिक्स हे ग्रीक कोकिळेचं नाव आहे. त्यांना त्या हाडात चोच दिसली होती.

काळी_फिल्म
आणि आपल्याले माकड.