कुमाऊंमधील गावमुक्कामाचा ट्रेक : पैसे नक्की कुणाच्या हातात पडावेत?

पायरव

हिमालयात पहिल्यांदा कुठे जावे, असा विषय निघाला की आपल्याकडे केदारकंठा, ब्रह्मताल, हर-की-दून ही नावे ठरलेली असतात. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. मला चर्चेला घ्यायचा आहे तो निराळ्या जातीचा ट्रेक. उत्तराखंडाच्या पूर्वेकडील कुमाऊं भागात, अल्मोड्यापासून तीसेक किलोमीटरवर बिनसर अभयारण्य आहे. त्याच्या आत आणि कडेला दालर, सत्री, रिसाल, काठधारा, गोनाप अशी लहान गावे आहेत. एका गावातून दुसऱ्या गावात बांज (ओक), बुरांस (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि देवदार यांच्या जंगलातून काही तासांची चाल पडते. तंबू नाही, बर्फ नाही, उंची जेमतेम अडीच हजार मीटरपर्यंत. मात्र हवा स्वच्छ असेल तर त्रिशूळ, नंदादेवी आणि पंचाचूली ही शिखरे एका रांगेत दिसतात. बरोबर गावातलाच वाटाड्या असतो आणि मुक्काम गावाच्या समितीने चालवलेल्या अतिथिगृहात असतो. मुनस्यारीजवळच्या सरमोलीत हाच मुक्काम थेट लोकांच्या घरात असतो.

माझे मत असे की असा ट्रेक गावाने लावून दिलेल्या पद्धतीनेच करावा. वाटाड्या कोण, जेवण कुणाकडे, मुक्काम कुठे, याची पाळी गावाने ठरवावी आणि आपण त्यात लुडबूड करू नये. त्यासाठी चार पैसे जास्त पडले तरी ते द्यावेत. याचे कारण सरळ आहे. 2011 च्या जनगणनेत उत्तराखंडातील अल्मोडा आणि पौडी गढवाल या दोन जिल्ह्यांची लोकसंख्या आधीच्या दशकापेक्षा घटलेली आढळली. अशा ठिकाणी जी थोडी मिळकत येते, ती ज्याच्या खिडकीतून नंदादेवी दिसते आणि ज्याने आधीच विलायती कमोड बसवला आहे, त्या एकाच घराकडे गेली, तर बाकीच्या घरांना कुलूप लावायला एक कारण आणखी मिळते. पाळी असेल तर पैसा फिरतो. आपले काय मत?

सह्यवेडा

मत साफ विरोधी आहे. आपण सगळे सह्याद्रीत वाढलेले लोक आहोत. हरिश्चंद्रगडाला जाताना पाचनईत किंवा खिरेश्वरात रात्री उशिरा पोहोचलो तरी कुणाच्या तरी ओसरीवर पथारी पसरायला मिळते, सकाळी पिठले-भाकरी मिळते, निघताना आपण मामींच्या हातात पैसे ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याच घरी जातो, कारण ते घर ओळखीचे झालेले असते. या व्यवहारात समिती नाही, पाळी नाही, आगाऊ आरक्षण नाही. पाळीची पद्धत नेमकी ही ओळखच होऊ देत नाही. ज्या घराने मला जीव लावला, तिथे पुन्हा जायचे तर “या वेळी त्यांचा नंबर नाही” असे ऐकावे लागते.

दुसरे असे की ज्या पायवाटेने गावातली मुले रोज दप्तर घेऊन शाळेत जातात, तिथे मला वाटाड्या कशाला हवा? हा ट्रेक नसून हात धरून फिरवलेली सहल आहे, आणि सॅकसुद्धा दुसऱ्याने वाहायची असेल तर तिला ट्रेक म्हणू नये, एवढीच विनंती.

माहेरवाशीण

माझे माहेर पुण्याचे आणि सासर अल्मोडा जिल्ह्यातले आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या बोलण्यात एक गोष्ट सुटलेली मला दिसते. आपण सगळे “घर” म्हणत आहात. त्या घरात काम कोण करते, हे कुणी विचारलेले नाही.

पाहुणे घरात उतरले की काय होते, ते सांगते. घरची सून एरवीही उजाडायच्या आत उठते, कारण गाईचा गोठा आवरायचा असतो, नौल्यावरून पाणी आणायचे असते (नौला म्हणजे दगडी पायऱ्या बांधून झाकलेला झरा), आणि ऊन चढायच्या आत गवताला जायचे असते. आता त्यात सहाच्या चहाची भर पडते. मग आंघोळीसाठी गरम पाणी, तेही प्रत्येकाला बादलीभर. ते तापते लाकडावर, आणि ती लाकडे तिनेच डोक्यावरून आणलेली असतात. नऊ वाजता मडुव्याच्या रोट्या, भटाची चुडकाणी (काळ्या सोयाबीनची आमटी), भांगाच्या बियांची चटणी. पाहुणे जेवणाची वाखाणणी करतात, तिच्याबरोबर फोटो काढतात आणि पैसे क्यूआर कोडवर पाठवतात. तो कोड असतो खाली पायथ्याच्या हल्द्वानी शहरात नोकरी करणाऱ्या नवऱ्याच्या खात्याचा. शिवाय पाहुण्यांना जी “लाकडी छताची सुंदर खोली” मिळते, ती बहुतेक वेळा तिचीच असते. त्या रात्री ती सासूच्या खोलीत झोपते.

सह्यवेडा यांनी ज्या मामींचा उल्लेख केला, त्यांनाही अपरात्री चूल पेटवायची होती का, हे कुणी विचारले असेल असे वाटत नाही. म्हणूनच घराबाहेरच्या, गावाच्या मालकीच्या अतिथिगृहाची पद्धत मला जास्त पटते. तिथे स्वयंपाक हे मोजलेले काम असते, त्याची मजुरी ठरलेली असते आणि काम संपले की बाई आपल्या घरी जाते. घरातच मुक्काम ठेवायचा असेल तर सरमोलीचे उदाहरण पाहावे. तिथला व्यवहार बायकांच्या संघटनेतून उभा राहिला आणि गावाच्या वनपंचायतीशी (गावाचे जंगल सांभाळणाऱ्या समितीशी) जोडला गेला, म्हणून तो टिकला. 2023 साली केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने त्या गावाला सर्वोत्कृष्ट पर्यटन ग्राम म्हणून गौरवले, ते नुसते पंचाचूली समोर दिसते म्हणून नव्हे.

हिशेबनीस

पायरव यांची पाळी कागदावर न्याय्य आहे. पण गावात पोहोचेपर्यंत पैशाचे काय होते, हे पाहिल्याशिवाय ती अर्धवट राहते. पुण्या-मुंबईत बसून गट जमवणारा, दिल्लीतला दलाल, काठगोदामच्या रेल्वे स्टेशनहून वर नेणारी गाडी, आणि मग गाव, अशी साखळी असली तर समितीच्या हातात येते ते शेवटचे टोक. गावातही तांदूळ, बटाटे, कोंबडी हे सगळे हल्द्वानीच्या मंडईतून वर चढते, म्हणजे जेवणाचा पैसा पुन्हा खालीच उतरतो.

याला आपणही हातभार लावतो. आपल्याकडच्या काही सहल कंपन्या हिमालयातही स्वतःचे महाराज (स्वयंपाकी) घेऊन जातात, हे सर्वांना ठाऊक आहे. एका गटाबरोबर मी असे पाहिले की गावातल्या बाईंनी गहताची आमटी आणि मडुव्याच्या रोट्या केल्या होत्या, आणि आमच्या मंडळींनी “साधे पोहे मिळाले असते तर” म्हणून नाक मुरडले. गहत म्हणजे आपले कुळीथ आणि मडुवा म्हणजे नाचणी! कोकणात जे पाहुण्यासमोर अभिमानाने वाढले जाते, तेच तिथे आम्हाला नकोसे झाले. गावात पिकणारे धान्य पाहुणा खाणार नसेल तर ते पिकवण्याचे कारण राहत नाही, मग पाळी कितीही चोख लावा.

सह्यवेडा

माहेरवाशीण यांचा मुद्दा मला मान्य करावा लागतो, आणि मामींच्या चुलीवरचा टोला वर्मी लागला. तरी समितीचे अतिथिगृह हा त्यावरचा उपाय आहे असे मला वाटत नाही, कारण समिती म्हटली की तिचा अध्यक्ष आला, अध्यक्षाचा भाचा आला आणि निवडणूक आली.

शिवाय एक मोठे संकट दोन्ही पद्धतींच्या डोक्यावर आहे. रामगढ-मुक्तेश्वरच्या पट्ट्यात सफरचंदाच्या बागा विकत घेऊन दिल्लीकरांनी बांधलेल्या काचेच्या बंगल्यांवरही “होमस्टे” अशीच पाटी असते. राज्य सरकारच्या 2018 च्या दीनदयाळ उपाध्याय गृह आवास योजनेत मालकाने कुटुंबासह त्याच घरात राहणे अपेक्षित आहे, पण पाटी लावायला योजना लागत नाही. जमिनीवरचा हा ताण एवढा वाढला की 2025 मध्ये राज्याला हरिद्वार आणि उधमसिंह नगर वगळता उरलेल्या अकरा जिल्ह्यांत बाहेरच्यांना शेतजमीन घ्यायला बंदी करावी लागली. आपण पाळीवर वाद घालत बसलो आहोत आणि घरेच हातची जात आहेत.

उंबरठा

मी या संपूर्ण उत्साहाबद्दलच साशंक आहे. गावे का रिकामी झाली, याची कारणे पाहा. वानर आणि रानडुकरे उभे पीक खातात, दवाखाना दूर, चांगली शाळा खालच्या शहरात, आणि फौजेतली किंवा हॉटेलातली नोकरी सोडून परत यावे असे गावात काही नाही. यातले एकही कारण पाहुण्यांमुळे दूर होत नाही. हंगाम तरी किती? पावसाळ्यात दरडी कोसळतात, डिसेंबर-जानेवारीत थंडीने फारसे कुणी येत नाही. उरतात वसंत ऋतूचे काही आठवडे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एवढ्यावर संसार चालत नाही.

बिनसरपुरते आणखी एक. 1988 मध्ये अभयारण्य झाल्यावर तिथल्या गावांच्या जंगलातल्या वावरावर बंधने आली. ज्यांचे जंगल होते, त्यांनाच आता त्या जंगलातून पाहुणे फिरवण्याचे काम मिळाले, आणि आपण त्याला ग्रामविकास म्हणतो. हे काम वाईट नाही, पण ते भरपाईसारखे आहे आणि भरपाई म्हणूनच त्याकडे पाहावे.

पायरव

उंबरठा यांचे बरेचसे म्हणणे खरे आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला उलटा दिसतो. हंगाम तुटपुंजा असेल तर ती मिळकत विभागली जाणे अधिकच आवश्यक ठरते. पूर्ण संसार कुणीच त्यावर चालवत नाही; गाय, थोडी शेती, बाहेरून येणारी मनीऑर्डर आणि पाहुणे, असे चार तुकडे जोडून तिथले घर चालते, आणि त्यातला एक तुकडा गेला की माणूस बस पकडतो. दर कमी करून देणारा दलाल नेमका हाच तुकडा कापतो, म्हणून हिशेबनीस यांच्या साखळीवर उपाय एकच: आरक्षण थेट गावाकडे करावे आणि महाराज घरी ठेवावेत.

वाटाड्याविषयी सह्यवेडा यांना सांगतो. वाट दाखवणे हे त्याच्या कामांतले सर्वांत छोटे काम आहे. संध्याकाळी कोणत्या वळणावर गुलदार फिरतो (बिबट्याला तिकडे गुलदार म्हणतात), या वर्षी कोणता धारा (झरा) आटला आहे, चिडाच्या (पाइनच्या) वाळक्या सुयांचा, म्हणजे पिरूलचा थर कुठे साचला आहे आणि वारा कुठून येतो आहे, हे त्यालाच माहीत असते. 13 जून 2024 रोजी याच बिनसरमध्ये वणवा विझवायला गेलेल्या वन विभागाच्या चार कर्मचाऱ्यांचा जागीच बळी गेला. ज्यांचे कामच ते, त्यांनाही आगीने गाठले. शाळेच्या वाटेने एकट्याने हिंडणाऱ्या पाहुण्याचे काय होईल, याचा विचार करावा. गावातला दाज्यू (थोरला भाऊ, म्हणजे आपला वाटाड्या) बरोबर असला की तो उन्हाळ्यात कित्येकदा “आज या बाजूने नको” एवढेच म्हणतो, आणि त्याची मजुरी त्या एका वाक्यासाठी असते.

माहेरवाशीण

अध्यक्षाचा भाचा सगळीकडे असतो, सह्यवेडा, आणि त्यासाठी समिती मोडायची नसते. तिच्या बैठकीत बायका किती बसतात आणि स्वयंपाकाची मजुरी कुणाच्या खात्यात जाते, ते विचारायचे असते. आरक्षण करताना हा प्रश्न पाहुण्याने फोनवर विचारला तर गावात त्याची चर्चा होते, हे मी पाहिले आहे. आमच्या शेजारच्या एका गावात असा प्रश्न दोन-तीनदा आल्यावर समितीने बायकांची खाती उघडून घेतली. विचारणाऱ्यांपैकी निम्मे लोक नंतर आलेच नाहीत, पण खाती चालू राहिली.

सह्यवेडा

वणव्याच्या हंगामात वाटाड्या सक्तीचा असावा, हे मान्य. नोव्हेंबरमध्येही तो सक्तीचाच का, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही, कारण गुलदार आमच्या जुन्नरलाही आहे आणि तिथे आम्ही वाटाड्यावाचून हिंडतो. फोनवर विचारायचा प्रश्न मात्र मी लिहून ठेवला आहे.