सोलापुरात लिफ्ट केलेल्या जिप्सीचे प्रोपेलर शाफ्ट स्वस्तात कुठं होतील?

जिप्सीवाला13
नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) एक्सलच्या वर घेतलेत म्हणजे पाचेक इंच उचललीय, टायर 31 चे. काम बाहेरगावच्या एका गॅरेजला करून घेतलं, दिसायला एक नंबर झालीय पण प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे इंजिनचा जोर एक्सलपर्यंत नेणारे फिरते दांडे, जुनेच राह्यले. आता मागचा शाफ्ट 60 ला असा थरथरतोय की आरशात मागनं काय यायलालंय तेच दिसत नाही, शाफ्टच्या टोकाचा क्रॉस (वाकणारा सांधा) नवीन टाकला तरी परत कडकड चालू. पुढच्याचं वेगळंच, गाडी जॅकवर घेतली की स्प्लाईन (शाफ्टचा आत-बाहेर सरकणारा दातेरी सांधा) एवढी बाहेर येते की आता निसटते का मग निसटते. चौकशी केली तर सांगतात तिन्ही शाफ्ट नवीन बनवून घ्या, आणि भाव ऐकला तर त्यात टायरचा अख्खा सेट येतोय. एवढं बजेट नाही ओ. दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारातनं जुने मागवू का इथंच कोण वाढवून देतं? गाडी हायवेला कमी, रविवारी नान्नज साईडच्या माळावर आणि पावसाळ्यात शेताला, आपली काळी माती कशी धरते सगळ्यांना माहितीच आहे.

ट्रकलाईन_अण्णा
तिन्ही कशाला मालक? जिप्सीत गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला जोर वाटून देणारा डबा) वेगवेगळे, दोन्ही चेसीसलाच बांधलेले, त्यांच्या मधला जो छोटा शाफ्ट आहे त्याला गाडी पाच इंच उचला नाहीतर पन्नास, काही फरक पडत नाही. तो बदला म्हणणाऱ्याला एक तर गाडी माहित नाही नाहीतर तुमचा खिसा माहित आहे. तुमचं काम दोन शाफ्टचं, आणि त्यातही पुढचा तुम्ही पुढच्या चाकांचे हब फ्री (एक्सलपासून सोडवून) ठेवून टू व्हीलमध्ये चालवता तेव्हा फिरतच नाही, फोर व्हील टाकून चिखलातनं 20 च्या स्पीडनं जाताना त्याला बॅलन्सिंगचं एवढं टेन्शन नाही. पुढच्याला फ्लँजमध्ये (शाफ्ट बोल्टनं जोडायची चकती) स्पेसर टाका, लेथवर एमएसचा गोल तुकडा टर्न करून होल मारून घ्यायचा, बोल्ट तेवढे लांब आणि 10.9 ग्रेडचे घ्या, हार्डवेअरच्या दुकानातले साधे नकोत. खर्च पैसा दोन पैसा. खरा पैसा मागच्यावर घाला.

माळरान4बाय4
मायापुरीच्या नादाला लागू नका हे मी पण सांगेन. तिथनं येणारा जुना शाफ्ट कंपनीच्याच मापाचा असणार की, तुमच्याकडं आहे तेवढाच लांब! पैसे आणि ट्रान्सपोर्ट घालून परत तिथंच. एक मात्र करता येईल, एखादा भंगारातला शाफ्ट घ्या आणि तो कापून वाढवा, ओरिजनल तसाच गाडीत स्पेअर ठेवा. घेताना क्रॉसचं कप काढून आत बघा, बेअरिंगच्या सुयांनी खाचा पाडल्या असतील आणि कपाच्या तोंडाशी तांबडी पूड दिसली तर ग्रीस कधीच संपलंय असं समजा. क्रॉस बदलता येतो, पण स्प्लाईन हातात धरून पिळली आणि खुळखुळली तर तो शाफ्ट तिथंच ठेवून या.

आणि नान्नजला माळढोक अभयारण्याची हद्द सोडून चालवा भाऊ, लोकं रील करायला आत घालतात आणि मग सगळ्याच जिप्सीवाल्यांची नावं खराब.

जिप्सीवाला13
हद्दीत कधीच जात नाही, आमचं रान अलीकडं आहे. वाढवायचा म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीत जमेल का? तिथं मागाची कामं करणारे लेथवाले ओळखीचे आहेत, एकजण म्हणाला दीड इंची पाईप आहे माझ्याकडं, उद्याच करून देतो.

ट्रकलाईन_अण्णा
कसला पाईप विचारा आधी! पाण्याचा जीआय असला तर हात जोडून निघा. सीमलेस (बिनजोडाची) ट्यूब पाहिजे, बाहेरनं व्यास आणि भिंतीची जाडी ओरिजनलएवढी. लेथवाला हुशार असेल, पण मागाचा शाफ्ट सावकाश फिरतो, हा 60 च्या स्पीडला 31 च्या टायरवर मिनिटाला दीड हजाराच्या आसपास फेरे घेतो. वेल्डिंग करताना पाईप अर्धा मिलिमीटर जरी वाकडा बसला तर तुम्हाला आत्ता येतंय त्याच्या दुप्पट हादरे. मार्केट यार्डाकडं हैदराबाद रोडला ट्रकचे शाफ्ट करणाऱ्यांकडं विचारत जा, आणि एकच प्रश्न टाका, बॅलन्सिंग मशीन स्वतःचं आहे का. नसेल तर वेल्डिंग इथं करा आणि बॅलन्सिंगला पुण्याला पाठवा, एसटीच्या पार्सलनं पण जातं. कापायच्या आधी पाईपवर एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ रेघ मारून घ्या, खडूनं नको, पंचनं खुणा करा. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत नाही बसले तर बॅलन्सिंग कितीही करा, थरथर जाणार नाही.

फिटर_निवृत्त
सगळे लांबीच्याच मागं लागलेत. थरथर लांबीनं येत नाही, कोनानं येते. क्रॉस वाकड्यात फिरताना शाफ्टचा वेग एका फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो, आणि दुसऱ्या टोकाचा क्रॉस तेवढ्याच कोनात असेल तरच तो फरक खाऊन टाकतो. म्हणून ट्रान्सफर केसची फ्लँज आणि मागचा पिनियन (एक्सलचा जो दांडा शाफ्टला जोडतो तो) समांतर पाहिजेत. मोबाईलमध्ये लेव्हलचं ॲप असतं, गाडी सपाटीला उभी करून, जॅकवर नाही, तीन ठिकाणी लावा: ट्रान्सफरची फ्लँज, शाफ्टचा पाईप, पिनियनची फ्लँज. फ्लँजच्या तोंडावर लावलं तर 90 मधनं वजा करायचं. आकडे इथं टाका. आणि खाली गेलाच आहात तर ट्रान्सफर केसचे रबर माउंट टॉमीनं हलवून बघा, तीन असतात, एखादं फाटलं असेल तर त्याचीही थरथर हुबेहूब अशीच.

जिप्सीवाला13
काका, माप घेतलं. रबर तिन्ही ठीक. ट्रान्सफर मागं खाली 2 अंश, शाफ्टचा उतार 16, पिनियन नाक वर करून 9.

फिटर_निवृत्त
मग झालं की. मागच्या शाफ्टच्याच पुढच्या टोकाच्या क्रॉसला 14 अंश, मागच्या टोकाच्याला 7. पाटे वर घेताना ज्यानं एक्सलवर नवीन सीट (पाटा बसायची बैठक) वेल्ड केली त्यानं पिनियनचं नाक वर उचलून ठेवलंय. डबल क्रॉसवाल्या (एका टोकाला दोन क्रॉस असलेल्या) शाफ्टला नाक शाफ्टच्या दिशेनं उचलावंच लागतं, तुमच्या साध्या शाफ्टला ते चालत नाही. नवीन शाफ्ट टाकला असता तरी पंधरा दिवसात क्रॉस गेला असता. सीट कापून पिनियन 2 अंशावर आणा, खरं तर एखादा अंश अजून कमीच ठेवा, कारण जोर दिला की पाटे पिळतात आणि नाक आपोआप वर येतं. सात अंशाची पाचर पाट्याखाली घालून भागवू नका. पुढच्या एक्सलला मात्र ही शहाणपणाची गोष्ट करायला जाऊ नका, पुढचा पिनियन फिरवला की कॅस्टर (पुढच्या चाकांचा मागं कलण्याचा कोन) बिघडतो आणि स्टेअरिंग सरळ धरत नाही.

माळरान4बाय4
काका म्हणतात ते बरोबर, पण दोन्हीकडं 14-14 अंश राहणारच, म्हणजे क्रॉस कंपनीच्या गाडीएवढा टिकणार नाही. चिखलातनं आल्यावर दर वेळी ग्रीस मारा, निप्पलवाला क्रॉस घ्या. नाहीतर लिफ्ट एक इंच कमी करा, माळावर काही फरक पडत नाही, फक्त फोटोत पडतो 😄 आणि लिफ्टची आरसीवर नोंद नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चं (गाडीत बदल करण्याबद्दलचं) पण बघून घ्या.

जिप्सीवाला13
लिफ्ट कमी नाही करणार बे, घरच्यांशी भांडून केलीय. सीट आधी कापून घेतो, मगच मागच्याची लांबी मोजू ना?

ट्रकलाईन_अण्णा
हो, पिनियन फिरला की माप बदलतं. फ्लँज ते फ्लँज मोजा, तीनदा: गाडी उभी असताना, चाकं लोंबकळत असताना, आणि मागं पाच-सहा पोती सिमेंट टाकून पूर्ण दबल्यावर. लोंबकळताना स्प्लाईन दीड-दोन इंच आत राह्यली पाहिजे आणि दबल्यावर तळाला टेकता कामा नये. तिन्ही मापं कागदावर लिहून शाफ्टवाल्याला द्या, तोंडी सांगू नका.

जिप्सीवाला13
सिमेंट नाही, उसाचं बेणं टाकतो, लावण चालूच आहे 😄

ट्रकलाईन_अण्णा
वजन भरलं म्हणजे झालं.