चैत्र-वैशाखात गावच्या वाचनालयात मुलांसाठी काय करता येईल? (सत्तरी तालुका, गोवा)

सत्तरीची वाचक:
नमस्कार. वाळपईजवळच्या आमच्या गावातल्या वाचनालयात मी संध्याकाळी मदत करते. मोठी माणसं येतात, पेपर वाचतात, जातात. मुलांसाठी कपाट आहे, पण मुलंच येत नाहीत. परीक्षा संपल्या की ती दिवसभर काजूच्या बागेत, नाहीतर मोबाइलवर. शिगमा, म्हणजे आमच्याकडचा होळीचा सण, झाल्यापासून मे अखेरपर्यंत दर शनिवारी दोन तास त्यांच्यासाठी ठेवावेत असं मनात आहे. वयं ४ ते १२, येणार सगळी एकत्रच. घरी कोकणी, शाळा कुणाची मराठी तर कुणाची इंग्रजी. पुस्तकं म्हणजे 'किशोर'चे जुने अंक, थोडी चित्रांची पुस्तकं आणि बरीच चरित्रं. पैसे जवळजवळ नाहीत. चित्रकला स्पर्धा घ्या, बक्षिसांचं आम्ही बघतो, असं काहीजण म्हणताहेत. सुरुवात कुठून करू?

डिचोलीचे मास्तर:
ताई, सुरुवात कपाटापासूनच करा. चरित्रं वरच्या फळीवर चढवा. चित्रांची पुस्तकं खाली आणा, मुलाचा हात सहज पोचेल अशी, आणि मुखपृष्ठ समोर दिसेल अशी उभी ठेवा. जागा नसेल तर भिंतीला सुतळी बांधा आणि पातळ पुस्तकं मधोमध उघडून तिच्यावर घाला. चार वर्षांचं मूल नाव वाचून पुस्तक निवडत नाही, चित्र बघून उचलतं. मुलं असतील तोवर कपाटाला कुलूप नको.

मी शाळेत शिकवायचो, आता गावच्या वाचनालयात मुलांचा कोपरा सांभाळतो. माझा एकच आग्रह आहे. शनिवारी काहीही करा, पण घरी जाताना प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक गेलंच पाहिजे. ते गेलं नाही तर उपक्रम कितीही रंगला तरी वाचनालयाला त्याचा उपयोग नाही.

विषय शोधायला लांब जाऊ नका, ऋतू दाराशी उभा आहे. पहिला शनिवार काजूचा करा. मुलांनाच एकेक बोंडू आणायला सांगा, बी न काढता. टेबलावर जुने पेपर पसरा आणि विचारा, यातलं फळ कुठलं? सगळी बोंडूकडे बोट दाखवतील. खरं फळ म्हणजे ती खाली लोंबणारी बी, बोंडू हा फुगलेला देठ. हे ऐकून दहा-बारा वर्षांची पोरंही खुर्चीतून उठून जवळ येतात. मग सांगा की हे झाड मूळचं ब्राझीलचं, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर इकडे आलं. नकाशा काढा, वाट बोटाने दाखवू द्या. मग बोंडू आडवा कापून रंगात बुडवा, कागदावर ठसे उमटवा. रसाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, तेव्हा जुने कपडे घालून बोलवा.

पुढचा शनिवार पक्ष्यांचा. पांगारा फुलात असेल तर त्याच्याखाली बसवा, मैना, बुलबुल, सूर्यपक्षी सगळे तिथेच येतात. तो सरला असला तरी तांबटाची टुकटुक आणि कोकीळ आहेतच. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, एक आवाज ऐकला की कागदावर एक रेघ. परत आल्यावर सांगा की कुहू करतो तो काळा नर, मादी तपकिरी आणि ठिपक्यांची, आणि अंडी घालते कावळ्याच्या घरट्यात. प्रश्नांचा पाऊस पडेल. उत्तरं देऊ नका, 'किशोर'चे अंक पुढ्यात ठेवून शोधायला लावा.

पण सगळ्यात जास्त वेळ द्या तो घोडेमोडणीला, म्हणजे शिगम्यात कमरेला लाकडी घोडा बांधून करतात त्या नाचाला. आपल्या सत्तरी-डिचोलीतल्या मुलांनी ती अगदी जवळून पाहिलेली असते, पण तिच्यावर त्यांच्या वयाचं पुस्तक त्यांच्या हातात पडत नाही. म्हणून ते त्यांनाच करू द्या. घोड्याचं तोंड कोण करतं, वर्षभर ते कुठे ठेवतात, कमरेला बांधतात कसं, ढोल कोण वाजवतं, हे आजोबांना विचारून यायला सांगा. सांगताना मूल कोकणीतच सांगेल, तसंच लिहून घ्या. कागद साधाच घ्या, घड्या घालून आठ चौकोन पाडा. मग तो रुंदीत दुमडा आणि दुमडलेल्या बाजूकडून मधल्या रेघेवर पुढच्या घडीपर्यंतच कात्री चालवा. उघडून लांबीत दुमडा आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे ढकला. आठ पानांचं पुस्तक उभं राहतं, डिंक लागत नाही. नंतर जे करायचं ते चुकवू नका: पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का मारा, दाखल नोंदवहीत त्याची नोंद करा, क्रमांक टाका आणि कपाटात ठेवा. आमच्याकडे एक मुलगी दर आठवड्याला येऊन आपलं पुस्तक कुणी नेलं का ते बघायची, आणि बघता बघता शेजारचं घेऊन जायची.

लहानांसाठी माधुरी पुरंदरे यांचं 'राधाचं घर' मिळवा. वाक्यं छोटी, आणि चित्रात बघण्यासारखं खूप. सगळ्यांना एकत्र बसवून मोठ्याने वाचायला विंदांचं 'एटू लोकांचा देश'. पुस्तकाचं तोंड मुलांकडे ठेवा, मराठीत वाचा आणि पान उलटण्याआधी थांबून विचारा, 'आतां कितें जातलें?', म्हणजे आता काय होईल? गप्पा कोकणीतच होऊ द्या.

स्पर्धा मला पटत नाही. एकाला कप मिळतो आणि बाकीची, चित्र आपलं काम नव्हे असं धरून घरी जातात. जे बक्षिसांचा खर्च करायला तयार आहेत त्यांच्याकडून त्याच पैशांची पुस्तकं मागा.

मांगरातला वाचक:
मास्तर, काजूवाला म्हणून एक सांगतो. ठसे काढायला बोंडू चांगला, पण कच्ची बी मुलांना फोडू देऊ नका, दाताने तर नाहीच. सालीतलं तेल कातडीला लागलं तर भाजल्यासारखे फोड येतात. बिया आधीच एका डब्यात जमा करून घ्या.

स्पर्धेबद्दल मात्र माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्या वाड्यावर स्पर्धेच्या नावानेच मुलं पहिल्यांदा वाचनालयात आली.

पाटोची आई:
ताई, जमलं तर एका शनिवारी मुलांना घेऊन कदंब बसने पणजीला या. पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा स्वतंत्र विभाग आहे. हे ग्रंथालय १८३२ साली सुरू झालं, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक. एवढी पुस्तकं एका छताखाली बघितली की मुलं गप्पच होतात. यायच्या आधी फोन करून विचारा. शिवाय बुकवर्म ही संस्था २००५ पासून गोव्यात मुलांच्या ग्रंथालयाचंच काम करते. त्यांच्याशी बोला, गोष्ट सांगण्यात ती माणसं मुरलेली आहेत.

पैशांचं म्हणाल तर 'किशोर'चे १९७१ पासूनचे अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरही मराठी गोष्टी आहेत, त्या उतरवून छापायला मोकळीक आहे.

सत्तरीची वाचक:
सगळ्यांचे मनापासून आभार. कपाट आजच आवरायला घेते. मास्तर, एकच भीती आहे. पुस्तकं घरी दिली आणि फाटून आली किंवा आलीच नाहीत तर? वरून विचारणा झाली तर उत्तर मला द्यावं लागेल.

डिचोलीचे मास्तर:
काही फाटतील, एखादं येणारही नाही. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच हा की पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. विचारणा झाली तर किती पुस्तकं किती मुलांनी नेली ती यादी पुढे करा. दंड मात्र लावू नका. दंडाच्या भीतीने पुस्तक घरी दडून राहतं आणि मूल परत येत नाही.

मांगरातले भाऊ, डब्याची सूचना अगदी योग्य. स्पर्धेचं म्हणाल तर पहिल्यांदा आलेली मुलं दुसऱ्यांदाही आली का, तेवढं लिहा.

ताई, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि कागद खाते. पातळ कागदाची पट्टी आणि मैद्याची खळ पुरते. मेच्या शेवटच्या शनिवारी सगळी पुस्तकं बाहेर काढून सावलीत वाऱ्यावर ठेवा, पान न् पान उलटून कसर लागलीय का बघा. आपल्याकडे एकदा पाऊस लागला की बुरशी धरायला वेळ लागत नाही. हे काम मुलांकडूनच करून घ्या. पुसता पुसता निम्मी तिथेच वाचत बसतात, त्यांना उठवू नका.