उत्तर: रद्द झालेलं कलम पुस्तकात कसं राहतं?

'राज्यघटना आली की तिच्याशी विसंगत जुने कायदे आपोआप संपले' असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. घटनेच्या कलम ३७२ने जुने कायदे चालूच ठेवले. कलम १३ने फक्त मूलभूत हक्कांशी विसंगत तेवढा भाग निष्प्रभ केला, तोही २६ जानेवारी १९५०पासून पुढे. मुंबईच्या केशवन माधव मेनन खटल्यात (१९५१) हाच मुद्दा होता: पत्रक १९४९चं, खटला १९३१च्या प्रेस कायद्याखाली. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, आधीच्या कृत्यावरचा खटला चालू राहील. ऐकायला विचित्र, पण कलम १३ पूर्वलक्षी नाही, म्हणजे आधी घडलेल्या गोष्टींना लागू होत नाही.

दुसरं म्हणजे न्यायालय कलम घटनाबाह्य ठरवतं, छापील मजकूर खोडत नाही. ते काम संसदेचं. भारतीय दंड संहितेचं (भादंवि) कलम ३०३ (जन्मठेपेच्या कैद्याने खून केल्यास फाशीच) १९८३मध्ये मिठू खटल्यात रद्द ठरलं, तरी १ जुलै २०२४ला संहिताच जाईपर्यंत पुस्तकात होतं. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०४मध्ये आता फाशी किंवा मरेपर्यंत कैद असा पर्याय आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६अचं (आक्षेपार्ह ऑनलाइन संदेशांबद्दलचं) तर विचारूच नका: २०१५मध्ये न्यायालयाने रद्द ठरवलं, तरी त्यानंतरही काही वर्षं पोलीस ठाण्यांत गुन्हे नोंदवणं चालूच राहिलं. म्हणून नुसतं पुस्तक न बघता कलमाखालची तळटीपही वाचा.