मदत हवी आहे : कोलकात्यात १४ जणांचा गट, हाती एकच दिवस आणि तोही सोमवार

नमस्कार मंडळी,

आमचा वाचनगट सप्टेंबरअखेर शांतिनिकेतनला जातोय. बोलपूरहून रविवारी दुपारी एकच्या सुमारास हावड्याला पोचू आणि मंगळवारी पहाटे परतीचं विमान. म्हणजे कोलकाता बघायला सबंध दिवस मिळतो तो फक्त सोमवार. इंडियन म्युझियम, व्हिक्टोरिया मेमोरियलची दालनं आणि जोडासाँकोची ठाकूरबाडी (रवींद्रनाथांचा वाडा), तिन्ही ठिकाणं नेमकी सोमवारी बंद! सगळ्यांच्या रजा जुळवून तिकिटं काढली आहेत, त्यामुळे तारीख हलणार नाही.

गटात सव्वीस वर्षांच्या मुलीपासून शहात्तर वर्षांच्या काकूंपर्यंत सगळे आहेत. दोघांना गुडघ्यांचा त्रास आहे. सावकाश चालतात, पण जिने आले की अडतात.

काकूंना रवींद्रनाथांचं घर बघायचंच आहे. १८६१ साली ज्या वाड्यात ते जन्मले आणि १९४१ मध्ये जिथे गेले, तो न बघता परतायचं तर शांतिनिकेतनला जाऊनही काहीतरी राहून गेलं असं वाटेल, असं त्या म्हणतात. मला ते मनापासून पटतं. तरुण मंडळींना कॉलेज स्ट्रीटची पुस्तकं आणि नदीखालून जाणारी मेट्रो हवी आहे. कुमारटुली या मूर्तिकारांच्या वस्तीबद्दल मात्र सगळ्यांचं एकमत आहे. दुर्गापूजा ऑक्टोबरात, म्हणजे आम्ही जाऊ तेव्हा मूर्तिकारांची ऐन घाईची वेळ असेल.

माझी स्वतःची एक ओढ वेगळीच आहे. १७४२ साली नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या, तेव्हा कलकत्त्याच्या लोकांनी शहराभोवती खंदक खणायला घेतला. तोच मराठा डिच. बंगाली अंगाईगीतांत आजही 'बर्गी' येतात आणि ते बर्गी म्हणजे आपलीच माणसं. आपण शाळेत जो इतिहास अभिमानाने शिकलो तो तिथल्या लोकांनी भीतीने लक्षात ठेवलाय. गटाने त्या जागी उभं राहून यावर बोलावं असं फार वाटतं. त्या खंदकाचं आज काही दिसतं का?

एवढं सगळं दीड दिवसात, कुणाची दमछाक न करता कसं बसवावं? मोठी गाडी ठरवावी की मेट्रोनेच फिरावं? माहितगारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

ताई, मी नोकरीनिमित्त काही वर्षं उत्तर कोलकात्यात राहिलो आहे. सोमवारची काळजी सोडा, तुमच्या यादीतलं बरंचसं उघड्यावरचंच आहे. अडचण फक्त जोडासाँकोची. ते रविवारीच उरका. हावड्याला उतरल्यावर काकू आणि ज्यांना यायचंय ते टॅक्सीने पूल ओलांडून थेट ठाकूरबाडीत जा, अंतर फार नाही. संध्याकाळी लवकर बंद होतं, म्हणून त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. बाकीच्यांनी सामान घेऊन हावडा स्टेशनातूनच मेट्रोने एस्प्लनेड गाठावं. नदीखालचा पट्टा त्याच मार्गावर आहे, साधारण ५२० मीटरचा. पाऊण मिनिटात संपतो, तेव्हा मुलांना आधीच सांगून ठेवा.

सोमवारी सकाळी लवकर निघा आणि पहिल्यांदा मल्लिक घाटाचा फूलबाजार बघा, हावडा पुलाच्या अगदी पायथ्याशी. झेंडूच्या माळांचे भारे डोक्यावर घेऊन माणसं धावत असतात, त्यामुळे ज्येष्ठांना कडेला उभं करा. खाली चिखलही असतो. मग पूल चालत ओलांडा. १९४३ साली खुला झालेला हा पूल नटबोल्टविना, सगळा रिव्हेटने जोडलेला आहे. पायी गेलात तरच त्याचा आकार कळतो. ज्यांना जमणार नाही त्यांना टॅक्सीने पलीकडे आणा. तिथून बागबाजारच्या बाजूला जाणारी लाँच घ्या. गाडीत बसून गर्दीत अडकण्यापेक्षा नदीवरून जाणं केव्हाही चांगलं, आणि जुने घाटही बघून होतात.

कुमारटुलीला घाई करू नका. बांबू आणि पेंढ्याचा सांगाडा, त्यावर गंगेची माती, मग रंग, अशा सगळ्या अवस्थांतल्या मूर्ती एकाच गल्लीत दिसतील. डोळे रेखाटायचा परंपरेचा दिवस महालयेचा, म्हणजे पूजेआधीच्या अमावास्येचा, त्यामुळे तुम्हाला बऱ्याच मूर्ती डोळ्यांविना दिसतील. त्या बघताना काय वाटतं ते मला शब्दांत सांगता येत नाही. बोळ अरुंद आहेत, चौदा जण एकदम घुसू नका, दोन तुकड्या करा. कारागिरांना विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

तुमचा खंदक पूर्ण झालाच नाही, आणि ज्या हल्ल्याच्या धास्तीने तो खणला तो हल्लाही शहरावर कधी आला नाही. पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. दिसण्यासारखं काही उरलेलं नाही, पण बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे आणि कुमारटुलीपासून ती जवळच आहे. तुमची चर्चा तिथेच करा.

दुपारी शोभाबाजारहून मेट्रोने महात्मा गांधी रोड आणि तिथून कॉलेज स्ट्रीट. रविवारी तिथली बरीच दुकानं बंद असतात, म्हणजे इथे सोमवार तुमच्या पथ्यावरच पडतोय. कॉफी हाउस मात्र जिना चढून वर आहे, गुडघेवाल्यांना आधी विचारा. संध्याकाळी व्हिक्टोरियाची बाग. दालनं बंद असली तरी बाग उघडी असते आणि दमलेल्या पायांना तीच हवी असते. मोठी गाडी नको, उत्तरेच्या गल्ल्यांत ती नुसती अडकून पडेल.

धागाकर्ती

दादा, किती आपुलकीने लिहिलंत! काकूंना आत्ताच फोनवर वाचून दाखवलं, रविवारी जोडासाँको नक्की झालं. लाँचची कल्पना तर आमच्या कुणाच्या डोक्यातच नव्हती. आता दोनच गोष्टी विचारायच्या राहिल्या. लाँचमध्ये चढता-उतरताना धक्क्यावर पायऱ्या किंवा फट किती असते, कुणी ज्येष्ठांना घेऊन गेलंय का? आणि फूलबाजार ते कुमारटुली या टप्प्यात बायकांसाठी बऱ्यापैकी स्वच्छतागृह कुठे मिळेल? हावडा स्टेशनावरच उरकून निघावं का?