मदत हवी आहे: ब्रेस्ट रिडक्शननंतर व्यायाम पुन्हा कसा सुरू करावा?

खिडकीतलं_ऊन (धागाकर्ती)

नमस्कार. विषय जरा खासगी आहे. पण गुडघा, पाठ, बाळंतपणानंतरचा व्यायाम यांवर इथे लोकांनी किती मनापासून उत्तरं दिली आहेत ते वाचलंय, म्हणून धीर करून विचारते.

माझं वय ४१. ब्रेस्ट रिडक्शन, म्हणजे स्तनांचा आकार लहान करण्याची शस्त्रक्रिया होऊन आज ३३ दिवस झाले. छेद उलट्या टी अक्षरासारखा आहे. स्तनाग्राभोवती गोल, तिथून सरळ खाली, आणि मग स्तनाखालच्या घडीत आडवा. एका बाजूने ६२० ग्रॅम आणि दुसऱ्या बाजूने ५७० ग्रॅम भाग काढला. तो तपासणीला गेला होता, अहवाल व्यवस्थित आला.

व्यायामासाठीच मी हे करून घेतलं असं म्हटलं तरी चालेल. विशीत मी रोज धावायचे. दोन बाळंतपणांनंतर छाती इतकी जड झाली की ब्राच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खोबणी पडली, घडीखालची त्वचा घामाने कायम सोललेली, आणि संध्याकाळपर्यंत मान-पाठ दगडासारखी. एकावर एक दोन ब्रा घालून धावून पाहिलं, तरी हात छातीशी धरूनच परत यायचे. शेवटी सोडून दिलं. शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या आठवड्यात एकदा जिना चढून वर आले आणि लक्षात आलं की आज छातीवर हात धरलाच नव्हता. तिथेच पायरीवर बसून रडले.

आता अडचण. सर्जनना विचारलं की व्यायाम कधी, तर म्हणाले, "सहा आठवडे झाले की हळूहळू सगळं सुरू करा." हळूहळू म्हणजे किती आणि सगळं म्हणजे काय, ते विचारायचं राहून गेलं. चालणं दुसऱ्या दिवसापासूनच सुरू आहे, आता सलग ४० मिनिटं जमतं. पण २४व्या दिवशी मी ओल्या कपड्यांनी भरलेली बादली उचलली. तेव्हा काही वाटलं नाही. रात्री डावी बाजू घट्ट आणि गरम वाटायला लागली. दुसऱ्या दिवशी दाखवून आले. आत रक्त किंवा पाणी साठलेलं नाही, नुसती सूज आहे, असं सांगितलं आणि चार दिवसांत ती उतरली. पण भीती बसली ती बसलीच. त्यात डावीकडे, उभा आणि आडवा छेद मिळतात त्या ठिकाणी, नखाएवढी जागा अजून उघडी आहे. रोज ड्रेसिंग करते.

सहा आठवडे व्हायला नऊच दिवस उरलेत. त्या दिवशी नेमकं काय बदलतं? जखम थोडी उघडी असताना पायांचे व्यायाम केले तर चालतील का? आणि धावणं, पुशअप, पोहणं यांचा क्रम कसा लावायचा? ज्यांनी हे केलंय त्यांचे अनुभव हवेत, आणि कोणी जाणकार असतील तर कारणंही सांगा. कारण कळलं की मला थांबणं सोपं जातं.

पहाटफेरी

अगं, जिन्याचा किस्सा वाचून अंगावर काटा आला. माझी शस्त्रक्रिया होऊन दोन वर्षं झाली. मीही कॅलेंडरवर फुल्या मारत होते आणि बरोबर ४३व्या दिवशी तीन किलोमीटर धावले. धावताना इतका आनंद झाला की विचारू नकोस. संध्याकाळी दोन्ही बाजू फुगल्या, आडव्या व्रणात जळजळ सुरू झाली, आणि पुढचे दोन आठवडे परत नुसतं चालणं. खरं धावणं ११व्या आठवड्यात जमलं, तेही एक मिनिट धावणं आणि दोन मिनिटं चालणं असं.

अजून एक, जे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. मधूनच वीज चमकावी तशी कळ येते, विशेषतः व्यायामानंतर. मी घाबरून धावत गेले होते. दुखावलेल्या नसा पुन्हा जाग्या होताना असं होतं, असं कळलं. क्षणभर येऊन जाते ती कळ वेगळी, आणि वाढत जाऊन तासन्‌तास ठणकतं ते वेगळं. दुसरं झालं तर फोन करायचा.

सांधे_आणि_स्नायू

मी फिजिओथेरपिस्ट आहे. तुमची जखम मी पाहिलेली नाही, तेव्हा अंतिम शब्द तुमच्या सर्जनचा. पण तुम्ही कारणं विचारलीत, ती सांगते.

सहा आठवडे हा आकडा आला कुठून? त्वचेचा छेद वरून दोन आठवड्यांत मिटलेला दिसतो, पण आतली ताकद फार हळू येते. पहिल्या आठवड्याअखेर जखमेत मूळ त्वचेच्या जेमतेम ३ टक्के ताकद असते. तीन आठवड्यांनी साधारण २० टक्के. तीन महिन्यांनी ती ८० टक्क्यांच्या आसपास जाते आणि पुढे तिथेच राहते, पूर्ण शंभर कधी होत नाही. सहा आठवडे या चढणीच्या मधे कुठेतरी येतात. म्हणजे त्या दिवशी कुलूप उघडत नाही. बहुतेकींची जखम तोवर मिटलेली आणि बऱ्यापैकी धरलेली असते, एवढाच त्याचा अर्थ. तुमची बादली २४व्या दिवसाची होती, आता तुम्हीच हिशेब लावा.

सुरुवातीच्या दिवसांत धोका वेगळा असतो. नाडी आणि रक्तदाब वाढला की नुकत्याच बंद झालेल्या रक्तवाहिन्या पुन्हा वाहू लागतात आणि आत रक्त साठतं. म्हणून पहिले दोन आठवडे दम लागेल असं काहीच नको. चालणं मात्र पहिल्या दिवसापासून हवं, कारण पडून राहिलं तर पोटरीच्या शिरेत गुठळी होऊ शकते. नंतर प्रश्न उरतो तो ताणाचा. तीन रेषा मिळतात तो टीचा सांधा सगळ्यात नाजूक. तिथे त्वचेची टोकं एकत्र येतात, रक्तपुरवठा कमी असतो आणि ताण सगळ्यात जास्त. उशिरा भरणारी जखम बहुधा तिथेच सापडते. तुमचं काही चुकलं म्हणून ती उघडी राहिली असं मनात धरू नका.

छातीचा मोठा स्नायू या शस्त्रक्रियेत सहसा कापत नाहीत. स्तन त्याच्या वर असतो. तरी पुशअप उशिराच, कारण तो स्नायू आकसला की वरची त्वचा आणि व्रण त्याच्याबरोबर ओढले जातात. हात डोक्यावर जोरात ताणल्यावरही तेच. पण हात अजिबात न हलवणं ही दुसरी चूक. खांदे पुढे वळवून, पाठ वाकवून महिनाभर बसलेल्या बायका मी पाहते, आणि त्यांना छातीपेक्षा खांद्याचा त्रास जास्त होतो. खांदे मागे फिरवणं, कोपरं खांद्याच्या उंचीपर्यंत नेणं, भिंतीवर बोटं चालवत हात वर सरकवणं, हे दुखायला लागण्याच्या अलीकडे थांबून रोज करा.

क्रम मी साधारण असा लावते. आत्ता: चढाचं चालणं, खुर्चीतून उठबस, जागच्या जागी राहणारी सायकल, पण हँडलवर भार न टाकता ताठ बसून. उघड्या जखमेपुरतं सर्जनना विचारा. बहुतेक वेळा पायांचे व्यायाम चालतात, घामाने ड्रेसिंग भिजलं तर लगेच बदलायचं. वजन उचलताना श्वास रोखू नका, श्वास सोडत उचला. जखम पूर्ण मिटली, खपली पडली, की मग धावणं, तेही पहाटफेरींनी सांगितलं तसं तुकड्यातुकड्यांत. पुशअप आणि प्लँक सगळ्यात शेवटी, बऱ्याच जणींना तीन महिने लागतात. आधी भिंतीला टेकून, मग टेबलाच्या कडेला, मग जमिनीवर.

आणि प्रत्येक नव्या गोष्टीनंतर २४ तास थांबा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज आदल्या सकाळइतकीच असेल तर तेवढंच पुन्हा करा, दोनतीनदा जमलं की मगच वाढवा. संध्याकाळची सूज मोजू नका, ती कित्येक महिने थोडीफार येतेच.

हे मात्र धाग्यावर विचारत बसायचं नाही: एकच बाजू अचानक फुगून घट्ट झाली आणि दुखणं वाढत गेलं, लाली पसरत चालली, पू किंवा दुर्गंध आला, ताप ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेला, तर त्याच दिवशी सर्जनना दाखवा. एका पोटरीत दुखून सूज आली, छातीत कळ येऊन दम लागला, तर थेट तातडीच्या विभागात.

नवीन_पाऊल

मला माझ्या सर्जननी तीन आठवड्यांनीच सायकल दिली होती आणि सहाव्या आठवड्यात हलकी डंबेल्स. काहीच झालं नाही. मग इतकं घाबरायची गरज आहे का?

सांधे_आणि_स्नायू

तुमची जखम तोवर मिटली असेल तर त्यांनी योग्यच सांगितलं. छेदाचा प्रकार, किती भाग काढला, मधुमेह, धूम्रपान, यांवर वेळ बदलतो. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे धूम्रपान करणारीची जखम मागे पडते. म्हणून एकीचा आठवडा दुसरीला लावता येत नाही.

खिडकीतलं_ऊन

तुम्हा सगळ्यांना काय सांगू, तीन वेळा वाचलं. टीचा सांधा का उशिरा भरतो हे कळल्यावर मनावरचं ओझंच उतरलं. महिनाभर मी त्या जागेकडे माझाच गुन्हा असल्यासारखी बघत होते.

अजून दोन प्रश्न. ब्रा कोणती? सर्जिकल ब्रा रात्रंदिवस घालतेच आहे, पण धावायला ती पुरेल का? आणि पोहणं?

पहाटफेरी

तारेची ब्रा इतक्यात नकोच, तार बरोब्बर त्या आडव्या व्रणावर बसते. पुढून उघडणारी घे, डोक्यावरून ओढायची घेतलीस तर घामेजलेल्या अंगातून काढताना हात किती ताणावे लागतात ते पहिल्या दिवशीच कळेल. आधार छातीखालच्या पट्ट्याने द्यायचा असतो, खांद्याच्या पट्ट्यांनी नाही. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतका तो घट्ट असावा. नुसती दाबून धरणारी ब्रा आणि दोन्ही बाजूंना वेगळे कप असलेली ब्रा, दोन्ही घालून बघ. धावताना स्तन नुसते वरखाली होत नाहीत, बाजूलाही फिरतात, म्हणून मला कपवालीच मानवली. शिवण व्रणावर येत नाही ना, तेवढं बघ. आणि एकच घे, आकार अजून बदलणार आहे. माझी सूज पूर्ण बसायला सहा महिने लागले.

पोहणं जखम पूर्ण मिटल्यावर आणि सर्जन हो म्हणाल्यावरच, नखाएवढी जागा उघडी असली तरी नाही. पाण्यातून संसर्ग होतो. आणि हातांचा जोर पुशअपसारखाच लागतो हे लक्षात ठेव.

खिडकीतलं_ऊन

पाच आठवड्यांनी परत आले. तेव्हा लगेच सर्जनना फोन करून उघड्या जखमेचा फोटो पाठवला आणि यावेळी प्रश्न कागदावर लिहून विचारले. पायांच्या व्यायामाला परवानगी मिळाली, धावण्याला नाही. जखम ५२व्या दिवशी मिटली. त्यानंतर दोन आठवडे फक्त चढ आणि सायकल. मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, सहा वेळा. दुसऱ्या सकाळी आरशासमोर उभं राहून दोन्ही बाजू पाहिल्या, कालच्याइतक्याच होत्या. एक दिवस सोडून पुन्हा केलं.

काल आठ फेऱ्या झाल्या. दोन्ही हात मोकळे होते.

एकच विचारायचं राहिलं. आडव्या व्रणाच्या बाहेरच्या टोकाला, काखेकडे, त्वचा पुढे आल्यासारखी दिसते आणि धावताना तिथे ब्राची कड घासते. हे सुजेमुळे असतं का, आणि तोवर कोणी त्यावर काही लावलं होतं का?

पहाटफेरी

मलाही होतं, बरंचसं आपोआप बसलं. धावताना कडेच्या आत मऊ सुती कापडाची घडी ठेवायचे. व्रण मिटलाय तर सिलिकॉनच्या पट्टीबद्दल सर्जनना विचार, मला त्यांनीच ती दिली होती. पण पट्टीखाली घाम साचतो, म्हणून धावताना काढून ठेव आणि अंग कोरडं झाल्यावर लाव. सहा महिन्यांनंतरही तो उंचवटा राहिला तर त्यांना दाखव, छोट्या दुरुस्तीने जातो.