मदत हवी: सासऱ्यांची एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) 8.6, वजन 84 किलो. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी चालेल का, आणि किती?

बोरीकाठची_सून
तालुका अमळनेर. सासऱ्यांसाठी विचारते आहे, घरात सगळे नाना म्हणतात. वय 58, उंची 165 सेंमी, वजन 84 किलो, बेंबीजवळ कंबर 104 सेंमी. शुगर तीन वर्षांपासून आहे. ताजे रिपोर्ट: उपाशीपोटी 168, जेवणानंतर दोन तासांनी 254, एचबीएवनसी 8.6, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) 0.9. गोळ्या: मेटफॉर्मिन 500 सकाळ-संध्याकाळ, ग्लिमेपिराइड 1 मिलिग्रॅम सकाळी. इन्सुलिन नाही.

सध्याचं खाणं: दिवसात चार चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. 10 वाजता दादरच्या (ज्वारीच्या) दोन भाकरी, भाजी, ठेचा. 2 वाजता एक भाकरी किंवा तीन पोळ्या. रात्री 9 ला तुरीच्या डाळीची खिचडी, वरून कच्चं तेल, पापड. आठवड्यात दोनदा शेवभाजी. केळी घरचीच, रोज दोन-तीन होतात.

प्रश्न असे:
1. गहू बंद करून फक्त दादर किंवा कळणा दिला तर पुरेल का?
2. शेजारचे म्हणतात दिवसातून दोनदाच जेवू द्या. द्यायचं का?
3. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) काय करायचं? आमरस आणि मांडे (खापरावरच्या पुरणपोळ्या) सोडा म्हटलं तर ते जेवणारच नाहीत.
4. केळी पूर्ण बंद का?

पांझराकाठ
ताई, सगळी माहिती आकड्यांत दिलीत हे फार बरं केलं. भाकरी कशाची हे नंतर बघू, आधी एका भाकरीला पीठ किती लागतं ते बघा.

शंभर ग्रॅम पिठात कर्बोदकं साधारण अशी असतात: ज्वारी 68, गहू 64, बाजरी 62. तांदळात 78. म्हणजे गहू सोडून दादर घेतल्यानं आकडा खाली येत नाही. आपल्याकडची हातावर थापलेली भाकर 90 ग्रॅम पिठाची सहज असते. नानांच्या सकाळच्या दोन भाकरी म्हणजे एका बैठकीत 120 ग्रॅम कर्बोदकं. 254 चा आकडा तिथूनच येतोय. ठेचा-भाजीला दोष देऊ नका.

कळण्याचा हिशेब: चार भाग ज्वारी आणि एक भाग अख्खे उडीद असं दळलं, तर 60 ग्रॅम पिठाच्या भाकरीत कर्बोदकं 38 ग्रॅम, प्रथिनं सात-साडेसात. नुसत्या ज्वारीच्या तेवढ्याच भाकरीत 41 आणि 6. कळण्यानं वाचले 3 ग्रॅम. तीच भाकर 90 ऐवजी 60 ग्रॅमची केली तर वाचतात 20. कळणा जरूर द्या, प्रथिनं आणि तंतू वाढतात, पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. पण आधी काटा आणा. स्वयंपाकघरातला डिजिटल वजनकाटा हाच या घरातला सगळ्यात महत्त्वाचा बदल ठरेल.

रीत अशी: परातीत पीठ घेतानाच 60 ग्रॅम मोजा, मळलेला गोळा मोजू नका, कारण पाणी रोज कमी-जास्त होतं. पीठ चाळू नका, कोंडा राहू द्या. गिरणीत जरा जाडसर दळून मागा. 60 ग्रॅमची भाकर नेहमीइतकी मोठी थापायला गेलात तर चिरते, म्हणून कढत पाण्यात मळून पाच मिनिटं झाकून ठेवा. कळण्याच्या पिठाला उडदाचा चिकटपणा असतो, ते पातळ थापायला उलट सोपं.

जेवणाला एकच भाकर. ताटात उरलेली जागा भाजी आणि डाळीनं भरायची: 200 ग्रॅम भाजी (गिलके, दोडके, गवार, वांगं, पोकळा, अंबाडी, मेथी), एक मोठी वाटी घट्ट वरण किंवा मठ-मुगाची उसळ, आणि ताक. क्रमही पाळा. आधी भाजी, मग डाळ, भाकर शेवटी. त्याच जेवणानं शुगर कमी चढते.

वजनाचं म्हणाल तर बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) 31 च्या जवळ आहे. आपल्या लोकांसाठी 23 पासून जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, पुरुषांची कंबर 90 सेंमीच्या आत हवी. पहिलं लक्ष्य चार किलो, मग आठ. आठवड्याला अर्धा किलोपेक्षा जास्त घाई नको. आजार तीनच वर्षांचा आहे ही मोठी संधी समजा. ब्रिटनमधला डायरेक्ट नावाचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात सहा वर्षांच्या आतला मधुमेह असलेले, इन्सुलिन न घेणारे लोक होते. ज्यांनी 15 किलो किंवा जास्त वजन उतरवलं, त्यांच्यातल्या 86 टक्के लोकांची एचबीएवनसी वर्षभरानंतर गोळ्यांशिवाय 6.5 च्या खाली होती. तिथला सुरुवातीचा आहार मात्र दिवसाला साडेआठशे कॅलरीच्या आसपासचा आणि वैद्यकीय देखरेखीतला होता. घरी त्याची नक्कल नको.

गोळीचं_बघा
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आत्ताच देतो, कारण यात धोका आहे. ग्लिमेपिराइड चालू असताना जेवण गाळायचं नाही. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, जेवण झालेलं असो वा नसो, आणि तिचा परिणाम दिवसभर राहतो. नुसतं मेटफॉर्मिन असतं तर शुगर घसरायची भीती फार कमी असती.

दोनदा जेवणं असो की एक भाकर कमी करणं, सुरू करायच्या आधी डॉक्टरांना फोन करा आणि विचारा: "जेवण कमी करतोय, ग्लिमेपिराइडचा डोस तोच ठेवायचा का?" गोळी स्वतःहून बंद करू नका आणि अर्धीही करू नका. ग्लुकोमीटर घ्या. पहिले दोन आठवडे रोज उपाशीपोटी आणि एका जेवणानंतर मोजा. उपाशीपोटी 80 ते 130 आणि जेवणानंतर 180 च्या आत, हे साधारण लक्ष्य आहे. उपाशीपोटी आकडा 90 च्या खाली यायला लागला की डॉक्टरांना लगेच कळवा.

घाम, थरथर, धडधड, एकदम भूक, बोलण्यात गोंधळ दिसला की आधी मोजा. 70 च्या खाली असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, 15 मिनिटांनी परत मोजा. नाही चढली तर पुन्हा तेवढीच. चढली की थोडं जेवण. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या तुपा-चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, 108 ला फोन करा.

आणखी एक. शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की आपले लोक पाणी भरायला शेतात एकटे जातात. नाना जात असतील तर खिशात साखरेची पुडी हवीच, आणि त्या रात्रीचं जेवण कमी करायचं नाही.

बोरीकाठची_सून
जातात, आठवड्यातून तीनदा. हे कुणी सांगितलंच नव्हतं. डॉक्टरांशी बोलले, गोळी तीच ठेवली आहे, आठवड्याचे आकडे घेऊन बोलावलंय. काटा आणला. आपली भाकर 95 ग्रॅम निघाली!

रात्रीसाठी काय करू? खिचडीशिवाय नानांना जेवल्यासारखं वाटत नाही.

फुणके_कढी
ताई, रात्रीसाठी आपल्याच घरात उत्तम पदार्थ आहे, फुणके. चौघांसाठी तुरीची डाळ 150 ग्रॅम आणि हरभऱ्याची डाळ 50 ग्रॅम, चार तास भिजवा. पाणी पूर्ण निथळू द्या. इथेच बहुतेकांचं चुकतं: पाणी राहिलं की फुणके वाफेत पसरतात, मग बांधायला बेसन घालावं लागतं आणि ते घट्ट दगड होतात. जाडसर वाटा, एक मूठ डाळ अख्खी राहिली तरी चालेल. त्यात मिरची, लसूण, जिरं, मीठ आणि दोन मोठ्या मुठी चिरलेली मेथी किंवा कांद्याची पात. लांबट मुटके वळून चाळणीला बोटानं जरासं तेल लावून 20 मिनिटं वाफवा. सुरी घालून कोरडी निघाली की झालं.

माणशी 50 ग्रॅम डाळीचे फुणके म्हणजे प्रथिनं 10-11 ग्रॅम आणि कर्बोदकं साधारण 25-27. सोबत ताकाची पातळ कढी, बेसन एका वाटीला अर्धा चमचाच, गूळ नको. मग भाकर अर्धी किंवा नकोच. वर कच्चं तेल ओतायची सवय असते, तिथे माणशी एक चहाचा चमचा, बस.

खिचडी आठवड्यातून दोनदा ठेवा, पण प्रमाण बदला. आपण तांदूळ दोन-तीन भाग आणि डाळ एक भाग घेतो. ते समसमान करा: नानांच्या वाट्याला 30 ग्रॅम तांदूळ, 30 ग्रॅम तूरडाळ, आणि 150 ग्रॅम भाजी आतच (गंगाफळ म्हणजे लाल भोपळा, वांगं, शेंगा). डाळ जास्त म्हणून पाणीही थोडं वाढवा, नाहीतर ती टणक राहते. तेल फोडणीतच. पापड भाजलेला. आणि 9 ऐवजी 7:30 ला जेवण, नंतर 15 मिनिटं गल्लीत चालणं.

तेलाचा एक सोपा हिशेब: माणशी महिन्याला अर्धा लिटर. पाच माणसांच्या घरात 15 किलोचा डबा सहा महिने पुरला पाहिजे. शेवभाजीत तर्री आणि तळलेली शेव दोन्हीकडून तेल येतं. शंभर ग्रॅम शेवेत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी. त्याऐवजी पातोडीचा (बेसनाच्या वड्यांचा) रस्सा करा, पातोडी तळलेली नसते. फक्त 40 ग्रॅम बेसनात 20 ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात, म्हणून त्या जेवणाला भाकर अर्धी. भरीत कितीही द्या, पण तेल आणि दाणे मोजून: पाव किलो वांग्याला एक चमचा तेल, दहा ग्रॅम दाणे.

पांझराकाठ
केळी आणि आखाजी राहिली.

सोललेलं 80 ग्रॅमचं छोटं केळ म्हणजे 18-20 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे 30 ग्रॅम पिठाइतकं. बंद करायची गरज नाही, दिवसाला एक, आणि ज्या दिवशी खाल्लं त्या दिवशी एक भाकर निम्मी. जेवणाबरोबर किंवा दाण्यांबरोबर द्या, उपाशीपोटी नको. मिल्कशेक नको. कच्च्या केळीची भाजी तुमच्याकडे होत असेल तर ती भाजीत धरू नका, भाकरीत धरा. केळीचे वेफर्स ओळखीचे असले तरी ते तळण आहे.

आखाजीला आमरस किंवा मांडा, दोन्हींपैकी एक. ठरवू द्या नानांनाच. आमरस घेतला तर साखर न घालता अर्धी वाटी आणि 30 ग्रॅमच्या दोन पोळ्या, भात नाही. मांडा घेतला तर खापरावरच्या मोठ्या पोळीचा चतकोर, त्या जेवणात भाकर-पोळी-भात काहीच नाही, भाजी, कढी आणि घट्ट वरण पोटभर. गुळाच्या पुरणाला साखरेपेक्षा सूट नसते, शुगर तेवढीच चढते. जेवल्यावर दुपारची झोप टाळून थोडं चालणं.

चहातली साखर आजपासून एक चमचा, पुढच्या पंधरवड्यात अर्धा. चार चहांच्या आठ चमच्यांत 160 कॅलरी जातात, तो खर्च सगळ्यात सोपा वाचतो.

बोरीकाठची_सून
आठ दिवसांचे आकडे. उपाशीपोटी 168 वरून 141. 10 च्या जेवणाआधी 138, दोन तासांनी 171 (एक कळण्याची भाकर, गिलके, उसळ). रात्री फुणके: 132, नंतर 164. खिचडी: 141, नंतर 226. प्रमाण सांगितलं तसंच होतं. खिचडीला एवढं का?

फुणके_कढी
30-30 ग्रॅम कच्चं वजन होतं का, आणि ताटात दुसऱ्यांदा वाढली का? शिजलेली 60 ग्रॅम खिचडी मोजायची चूक होते, तशीच चौघांच्या कुकरातून अंदाजानं वाढायचीही.

बोरीकाठची_सून
वाढली. सगळ्यांसाठी एकत्र शिजवली, तांदूळ मोजला चौघांचा, नानांनी दोनदा घेतली.

गोळीचं_बघा
मग आकडा बरोबरच आहे. त्यांच्या वाट्याची वेगळ्या डब्यात घालून त्याच कुकरात शिजवा.

सकाळची 138 ते 171 ही चढ उत्तम आहे, तेच जेवण कायम ठेवा. उपाशीपोटीचा आकडा घसरतोय, म्हणून भेटीला हे सगळे आकडे आणि रात्री पाणी भरायच्या दिवसांची नोंद डॉक्टरांना दाखवा. एचबीएवनसी मागचे दोन-तीन महिने दाखवते, ती तीन महिन्यांनीच करा, त्याआधी पैसे घालू नका. ज्यांच्या घरात सिकलसेल आहे (सातपुड्याकडच्या नंदुरबार भागात बरेच आहेत) किंवा हिमोग्लोबिन फार कमी आहे, त्यांनी या तपासणीवर एकट्यावर विसंबू नये, आकडा फसवा येतो.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका. बहुतेक कंपन्या 30 अंशांच्या आत ठेवायला सांगतात आणि आपल्याकडे मे महिन्यात घरातही त्याहून वर जातं. माठाशेजारच्या गार कोनाड्यात, डबीचं झाकण घट्ट लावून, फ्रीजमध्ये नाही. पट्टी बिघडली की मीटर एरर दाखवेलच असं नाही, चुकीचा आकडाही दाखवतं, आणि मग जेवणाला उगाच दोष जातो.